बॉनेटवरची जागा

उस्तादांना कोणी नावानं हाक मारलेली मी अकरा वर्षांत ऐकली नाही. मालक उस्ताद म्हणायचे, बाकीचे ड्रायव्हर उस्ताद म्हणायचे, मुलं उस्तादआजोबा म्हणायची आणि मुख्याध्यापक बाई रागावल्या की "ते तुमचे उस्ताद" म्हणायच्या. तुमचे म्हणजे माझे, कारण त्यांच्या शाळेच्या गाडीवर मावशी मी होते. मुलांना चढवायचं, उतरवायचं, दप्तरं सांभाळायची, नाकं पुसायची, आणि कोणी कोणाला चावलं तर न्यायनिवाडा करायचा, हे माझं काम. गाडी चालवायचं काम त्यांचं. चार नंबरची गाडी.

गाडी जुनी होती. आताच्या गाड्यांचं इंजिन कुठं असतं ते कळतही नाही. आमच्या गाडीचं इंजिन आत, ड्रायव्हरच्या अगदी शेजारी, एका मोठ्या लोखंडी झाकणाखाली होतं. त्या झाकणाला सगळे बॉनेट म्हणायचे. उन्हाळ्यात त्याला हात लावला तर चटका बसे. थंडीत मात्र मुलांची तिथं बसायला मारामारी व्हायची, कारण सगळ्या गाडीत तेवढीच एक जागा ऊबदार. झाकणाची एका बाजूची पकड तुटली होती, तिथून गरम वाफ यायची. उस्तादांनी त्या फटीवर पोतं दुमडून ठेवलं होतं आणि वरून घरची जाड घोंगडी अंथरली होती. गादीच म्हणा ना.

सकाळी उजाडायच्या आत ते मालकांच्या आवारात हजर असायचे. सेल्फ मारायचे, गाडी दोनदा-तीनदा गुरगुरायची आणि मागून काळाकुट्ट धूर सोडून सुरू व्हायची. मग अर्धा तास ती नुसती धडधडत उभी ठेवायची. मी एकदा विचारलं, "अहो, निघायला वेळ आहे, तर बंद ठेवा की."

"बाई, गाडी म्हातारी आहे. म्हाताऱ्या माणसाला अंथरुणातून उठवून एकदम पळ म्हटलं तर पळेल का? तुम्ही पळाल?"

"मी म्हातारी नाही."

"बरं, मी पळेन का?" असं म्हणून हसायचे.

दुपारी शाळेच्या फाटकापाशीही तेच. सात गाड्या ओळीनं उभ्या, सातही चालू. पहिली-दुसरीच्या वर्गांच्या खिडक्या त्याच भिंतीला. शाळा सुटेपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं ती धडधड चालायची. शिकवणाऱ्या बाया खिडक्या लावून घ्यायच्या, त्याही आवाजामुळे. धुराचं कोणाच्या डोक्यातच नव्हतं. बॅटऱ्या जुन्या, गाडी बंद केली आणि पुन्हा सुरू झाली नाही तर सत्तर पोरं रस्त्यावर, ही सगळ्यांची भीती. आणि धूर काय, गाडीला असतोच, असं आम्ही समजत होतो.

माणूस मात्र लाखात एक. चाळीस वर्षांत कोणाला ओरखडा नाही. कुठल्या मुलाला उलटी होते, कुठल्या मुलीला डाव्या बाजूनंच उतरायचं असतं, कोणाची आई उशिरा येते, सगळं तोंडपाठ. एखादं पोर दारात दिसलं नाही की हॉर्न न वाजवता थांबायचे. का, तर म्हणे, "आई धावपळीत असेल, हॉर्न ऐकला की तिच्या हातून दूध सांडेल." आणि त्यांचा एक नियम होता. खोकणारं पोर पुढं. मी चढवतानाच विचारायची, "कोण खोकतंय रे? चल, आजोबांकडे, बॉनेटवर." पोरं खोटं खोटं खोकायची त्यासाठी. मग आम्ही खिडक्या लावून घ्यायचो, वारा लागू नये म्हणून. खोकणाऱ्याच्या अंगावर घोंगडीचं टोक घालायचो. मुलांची नाकं पुसली की माझ्या रुमालावर काळी रेघ उमटे. आया विचारत, "मावशी, हे काळं काय?" मी सांगायची, "धूळ हो. रस्ता बघा कसला आहे." दर शनिवारी मी काचा पुसायची. आतली बाजू बाहेरच्या बाजूपेक्षा काळी असायची, तेही मी हातानं पुसलं आणि डोक्यात घेतलं नाही.

उस्तादांची एकच लेक. तिचा नवरा दुसरीकडे कामाला म्हणून गेला तो परतलाच नाही. ती इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायची, पहाटेची पाळी. त्यामुळे तिची मुलगी सकाळी आजोबांबरोबरच निघायची. सगळ्यात आधी गाडीत ती चढायची आणि सगळ्यात शेवटी उतरायची. आवारात गाडी तापत असताना तीही घोंगडीत गुंडाळून बॉनेटवर बसलेली असायची. सात वर्षांची, पुढचे दोन दात पडलेले, पण रुबाब असा की सगळी तिला साहेब म्हणायची. साहेब हात वर करून हुकूम द्यायची, "उस्ताद, सोडा गाडी!" त्याशिवाय गाडी हलायची नाही. कोणी उशीर केला की मला म्हणायची, "मावशी, याचं नाव लिहून घ्या." वही होती तिच्याकडे. त्यात मुख्याध्यापक बाईंचंही नाव लिहिलेलं होतं.

साहेबाला दमा होता. लहानपणापासून थोडा, त्या वर्षी थंडीत फार वाढला. तिच्या दप्तरात औषधाचा पंप असायचा. तो कसा द्यायचा हे तिच्या आईनं मला दोनदा करून दाखवलं होतं. लेक मला म्हणाली होती, "मावशी, तुम्ही दोघं आहात म्हणून मी बिनघोर पाळीवर जाते." जास्त खोकला येऊ लागला तसं आम्ही तिला बॉनेटवरून उठूच दिलं नाही. आधी जाताना बसायची, मग येतानाही तिथंच. घोंगडी एक होती, तिच्या दोन झाल्या.

त्या दिवशी मंगळवार होता. कडाक्याची थंडी. साहेबानं हुकूम दिला तो नेहमीसारखा नव्हता, आवाज बसला होता. चौथा थांबा झाल्यावर ती म्हणाली, "उस्ताद, खिडकी उघडा."

"साहेब, बाहेर थंडी आहे. आणखी खोकाल."

थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली. मीच म्हटलं, "अगं, वारा बाधेल," आणि घोंगडी गळ्यापर्यंत ओढली. पंप दिला. पुन्हा दिला. तिसऱ्यांदा तिनं तोंडानं सांगितलंच नाही, नुसतं खिडकीकडे बोट केलं. मी ते बोट घोंगडीच्या आत घातलं.

मग ओठ निळे दिसले आणि उस्तादांनी गाडी वळवली. बावीस मुलं आत, सगळी चिडीचूप, आणि ज्या माणसानं कधी हॉर्न वाजवला नाही त्यानं इस्पितळापर्यंत हॉर्नवरचा हात काढला नाही. दारातून आत नेलं तेव्हा ती गेलेली होती.

लेक त्याच इस्पितळात कामाला. खालच्या मजल्यावरून धावत आली, हात अजून इस्त्रीनं गरम. तिनं बापाला धरलं आणि विचारलं, "बाबा, त्रास झाला का हो तिला? काही म्हणाली का?"

उस्ताद म्हणाले, "नाही गं. झोप लागली आणि झोपेतच गेली. काही म्हणाली नाही."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्या मान हलवण्याची क्षमा मी देवाकडे रोज मागते. त्यानं केली की नाही, ते तोच जाणे.

त्या खोट्यावर ती उभी राहिली. खरंच उभी राहिली. महिनाभरानं कामावर जाऊ लागली. मला भेटली की म्हणायची, "आजोबांच्या शेजारी, उबेत गेली. एवढं तरी देवानं दिलं." बापाला जेवू घालायची, त्यांचे कपडे इस्त्री करून ठेवायची. दोघंजण एकमेकांना सांभाळत होते.

पण उस्तादांचं मन ठिकाणावर नव्हतं. एक दिवस ते साहेबाला औषध देणाऱ्या, मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. मलाही नेलं, कारण एकट्यानं विचारायची हिंमत नव्हती. त्यांचा प्रश्न साधा होता. घोंगडी कमी पडली का? डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "बसायची कुठं?" ते म्हणाले, "इंजिनावर. ऊब मिळते." बाईंनी पेन खाली ठेवलं. मग अगदी हळू आवाजात समजावलं. डिझेलच्या धुरातली काजळी इतकी बारीक असते, की मुलांच्या छातीत पार खोलवर जाऊन बसते. धूर फक्त मागून निघत नाही. खिडक्या लावलेल्या गाडीत तो आतच साठतो, फटीतून येतो तो तर सरळ तोंडावर. चांगल्या मुलांनाही त्यानं खोकला लागतो, आणि दम्याच्या मुलाला तो धूर म्हणजे गळा आवळल्यासारखा. "एकाच कारणावर बोट ठेवता येणार नाही, काका," त्या म्हणाल्या. "पण तिला तिथं बसवायला नको होतं. कोणालाच नको."



सुट्टीच्या दिवशी त्यांनी मला आवारात बोलावलं. गाडीच्या सगळ्या खिडक्या लावल्या, इंजिन सुरू केलं, आणि स्वतः बॉनेटवर जाऊन बसले. साहेबाचा शाळेचा पांढरा रुमाल त्या फटीपाशी धरला. मला आत येऊ दिलं नाही. मी बाहेरून काचेतून बघत होते. बऱ्याच वेळानं खोकत खोकत उतरले आणि रुमाल माझ्यापुढं धरला. मधोमध काळा गोल डाग.

"बाई, तुम्ही रोज काय पुसत होतात?"

"धूळ," मी म्हटलं.

"आणि खोकणारं पोर पुढं, हा नियम कोणाचा?"

नियम त्यांचा होता, पण वर्षानुवर्षं दारात उभी राहून हाका मी मारल्या होत्या.

त्या दिवसापासून चार नंबरच्या बॉनेटवर कोणी बसलं नाही. खिडक्या उघड्या. फाटकापाशी पोचलं की ते इंजिन बंद करायचे. बाकीच्या सहा चालूच. दुसरे ड्रायव्हर टोमणे मारायचे, "काय उस्ताद, डिझेल वाचवून मालकाचं दुसरं लग्न लावताय का?" ते सगळ्यांना समजावत फिरले. सहातल्या एकानं दोन दिवस बंद केलं, तिसऱ्या दिवशी त्याची गाडी सुरू झाली नाही आणि त्यानं उस्तादांनाच शिव्या घातल्या. मालकांना सांगितलं, झाकण बदला, निदान जुन्या तीन गाड्या तरी काढा. मालक पाठीवर हात ठेवून म्हणाले, "उस्ताद, तुमचं दुःख मला कळतं. थोडी विश्रांती घ्या."

कुठून तरी ते पालकांच्या कानावर गेलं. दोन-तीन आया हुशार होत्या, त्यांनी डॉक्टरीणबाईंना आणलं, आणि शाळेत शनिवारी पालकसभा ठरली. मालकही येणार होते. साहेब याच शाळेची, म्हणून पालकांनी लेकीलाही बोलावलं.

सभेच्या आधी उस्ताद आवारात गाडीच्या पायरीवर बसले होते. मला म्हणाले, "मालक मलाच विचारणार. चाळीस वर्षं गाडी चालवणारा माणूस काय सांगतो ते ऐका, असं म्हणणार."

"मग सांगा धुराचं. रुमाल दाखवा."

"रुमालाला काय, ते म्हणतील गॅरेजमध्ये पुसलाय. खरं सांगायचं तर मंगळवारचं सांगावं लागेल." थोडं थांबून म्हणाले, "आणि ती मागच्या बाकावर बसलेली असणार. तिच्याजवळ आता तेवढंच आहे, बाई. झोपेत गेली, हे. ते पण मीच काढून घेऊ?"

"आधी घरी सांगा तिला. एकटीला."

"चार महिने रोज ताटावर बसल्यावर तेच ठरवतो. ती वाढते आणि विचारते, भाजी बरी झालीय का. मी म्हणतो, झालीय." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "तुमच्या देवाला विचारा ना काय करू. माझ्याशी तो बोलत नाही. अंगाला डिझेलचा वास येतो माझ्या."

मी म्हटलं, "त्याला वासाचं काही नसतं." आता वाटतं, तेव्हा त्यांच्या घरी जायला हवं होतं मी. तिला आधी मीच सांगायला हवं होतं. पण भीती वाटली, आणि त्या भीतीला मी देवाची इच्छा असं नाव दिलं.

चित्रकलेच्या वर्गात सभा भरली. मोठी माणसं छोट्या बाकांवर अवघडून बसलेली. डॉक्टरीणबाई बोलल्या. एका मुलाच्या वडिलांनी नव्या गाड्यांबद्दल, कमी धुराच्या, विजेवरच्या, बरंच वाचून आणलं होतं, तेही बोलले. मग मालक उठले. शांत माणूस, आवाज कधी चढवत नाहीत.

"धूर मागून निघतो, मुलं पुढं बसतात. आत धूर येतच नाही. आणि काही झालं ते देवाघरचं, त्यात गाडीचा दोष काय? माझं नका ऐकू. उस्तादांचीच नात होती ती. त्यांनाच विचारा. उस्ताद, सांगा यांना, आत धूर येत होता का?"

उस्ताद उठले. टोपी हातात. समोर मालकांकडे बघायचं सोडून त्यांनी मान मागे वळवली, लेकीकडे.

"येत होता," ते म्हणाले. "झाकणाच्या फटीतून येत होता. त्या फटीवर मी पोतं घातलं होतं आणि पोत्यावर माझ्या नातीला बसवलं होतं. खोकत होती म्हणून बसवलं. तुमच्यातल्या पुष्कळांची मुलंही बसवली. खोकणारी निवडून निवडून बसवली."



"ती झोपेत गेली नाही. मी खोटं सांगितलं. ती मला खिडकी उघडा म्हणाली. तीन वेळा सांगितलं तिनं. मी उघडली नाही. मला वाटलं थंडी बाधेल."

मग ते बसले नाहीत, तसेच उभे राहिले, जणू कोणी बस म्हणेपर्यंत बसता येत नाही असे. मी माझ्या जागेवरून उठून म्हटलं, "मीही होते. मीही उघडली नाही." पण माझा आवाज कोणाला ऐकू गेला असेल असं वाटत नाही.

लेक रडली नाही. पदर सावरला, बाकाच्या फटीत अडकलेला पाय सोडवला, आणि दाराकडे गेली. उस्ताद तिच्या वाटेतच होते. ती त्यांच्यापाशी थांबली आणि एवढंच विचारलं, "तिसऱ्या वेळी कसं म्हणाली?"

त्यांनी नुसतं बोट उचललं आणि खिडकीकडे केलं. ती ते बघत राहिली. मग गेली.

त्यानंतर जे व्हायचं ते झालं, आणि चांगलं झालं. तीन जुन्या गाड्या त्याच महिन्यात निघाल्या. फाटकापाशी इंजिन बंद, अशी पाटी लागली आणि शिपाई रोज उभा राहून बघू लागला. गाड्यांची रांग वर्गांच्या भिंतीपासून दूर, मैदानाच्या टोकाला नेली. पुढच्या वर्षी दोन विजेच्या गाड्या आल्या. त्यातल्या एकीवर मी आहे. मुलांची नाकं अजून पुसते, रुमाल मळतो तो मातीनं. खोकणारी मुलं अजूनही असतात, पण आधी होती तेवढी नाहीत, असं पहिलीच्या बाई म्हणतात. उस्तादांना मालकांनी काढलं नाही, त्यांनीच चावी देऊन टाकली.

लेक सभेच्या दुसऱ्याच दिवशी इस्पितळाच्या कामगार-खोल्यांत राहायला गेली. साहेबाची वही आणि कपडे घेऊन गेली, बाकी काही नेलं नाही. वर्ष झालं तरी बापाला भेटली नाही. मग एक दिवस मीच हिंमत केली आणि धुलाईखान्यात गेले. वाफेनं भरलेली खोली, चादरींचे ढीग. तिनं मला बघितलं, हातातलं काम थांबवलं नाही.

मी म्हटलं, "तुझे बाबा बारीक झालेत गं. जेवत नाहीत धड."

"मावशी, तुम्हीही त्या दिवशी मान हलवली होती."

"हलवली होती."

बराच वेळ इस्त्री फिरत राहिली. चादरीची घडी घालून तिनं ढिगावर ठेवली, दुसरी ओढली. मग म्हणाली, "त्यांना सांगा, लोकांच्या पोरांचं त्यांनी भलं केलं. मी मनापासून म्हणते. त्यांनी सांगितलं नसतं तर तो खटारा अजून चालला असता, दुसऱ्या कोणाचं पोर गेलं असतं. हे मला समजतं." घडीच्या कडेवरून तिनं तळवा फिरवला. "पण मला ते खोटंच पुरलं असतं, मावशी. जन्मभर पुरलं असतं. आता मी डोळे मिटले की ती बोट दाखवते. त्यांना सांगा, माझ्याकडे येऊ नका. समोर आले की मला खिडकीच दिसते."

मी तशीच उस्तादांकडे गेले. वाटेत ठरवत होते, पहिलं सांगायचं आणि दुसरं गिळायचं. पण दारात ते उभे होते, दाढी करून, धुतलेला सदरा घालून, मी कुठं गेले होते ते त्यांना कळलं होतं. त्या माणसाला आता आणखी खोटं सांगवेना. जे होतं ते सगळं सांगितलं, तिच्याच शब्दांत.

त्यांनी ऐकून घेतलं. मान हलवली.

"बरोबर आहे तिचं," म्हणाले. "बसा, चहा करतो." आणि आत गेले. भांड्याचा आवाज आला, नळाचा आला, मग काहीच आला नाही. मी आत जाऊन पाहिलं, तर ओट्याला दोन्ही हात टेकून, भिंतीकडे तोंड करून उभे होते, खांदे गदगद हलत होते आणि तोंडातून आवाज निघत नव्हता.

चहा मीच केला. त्यांच्यापुढं ठेवला. तो तसाच निवून गेला.